आष्टीचें दप्तर

सीना नदी नगरच्या परिसरांत उगम पावते आणि दक्षिणेकडे वाहत जाऊन भीमेला मिळते. वाटेंत कांहीं अंतर ती दोन जिल्ह्यांमधली हद्द होते. पश्चिमेस अहिल्यानगर जिल्हा, ज्याला 2024 पर्यंत अहमदनगर म्हणत. पूर्वेस बीड जिल्ह्याचा आष्टी तालुका. दोन्ही तीरांवर बोली एक, ज्वारी-बाजरी एक, दैवतें एक, आणि सोयरिकीही एकमेकांत झालेल्या. परंतु या दोन तीरांवरील दोन शेतकऱ्यांनीं आपापल्या पणजोबांच्या जमिनीचा कागद शोधण्याचें मनांत आणलें, तर नदीच्या पात्रापाशींच त्यांच्या वाटा फुटतात. पश्चिम तीरावर 1818 सालीं पेशवाई जाऊन कंपनीचा अंमल आला आणि पुढें इंदापुरास 1835 सालीं गोल्डस्मिडनें आरंभिलेल्या मोजणीची पद्धति तेथवर पोहोंचली. तिकडचा कागद मोडींत आणि मागाहून बाळबोधींत मिळतो. पूर्व तीर मात्र 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैद्राबादच्या निजामाच्या राज्यांत होता. तिकडचा कागद उर्दूंत, साल फसली, महिने इराणी. म्हणून आष्टीचा कागद शोधावयाचा, तर आधीं आष्टीवर कोणत्या सालीं कोणाचें राज्य होतें आणि तें कसें चालत होतें, हें समजून घ्यावें लागतें.

हा शोध केवळ हौसेचा नाहीं. वारसाचा हक्क, भावाभावांतील वाटणी, कुळाचा दावा, इनामाचा तंटा, या सर्वांचा निकाल शेवटीं एखाद्या जीर्ण पानावर येऊन ठेपतो. अलीकडे तर या पानांना निराळेंच महत्त्व आलें. 7 सप्टेंबर 2023 रोजीं महाराष्ट्र शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. मराठवाड्यांतील ज्या मराठा कुटुंबांच्या पूर्वजांची निजामकालीन कागदांत कुणबी अशी नोंद असेल, त्यांस तसा दाखला देण्याची कार्यपद्धति ठरविणें, हें तिचें काम. 2 सप्टेंबर 2025 रोजीं हैद्राबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासननिर्णयही निघाला. त्या प्रश्नाच्या वादांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, गॅझेटियरांत जातीजातींची लोकसंख्या असते, व्यक्तीचें नांव नसतें. नांव हवें असेल त्याला गांवच्या आणि तहसिलीच्या दप्तराकडेच वळावें लागतें.

दप्तराकडे वळणाऱ्याला पहिला चकवा गांवाच्या नांवाचाच बसतो. महाराष्ट्रांत आष्टी एक नाहीं. जेथें 20 फेब्रुवारी 1818 रोजीं बापू गोखले धारातीर्थीं पडले, ती आष्टी सोलापूर जिल्ह्यांतली. जेथें ऑगस्ट 1942 मध्यें चळवळीला रक्ताचें मोल द्यावें लागलें, ती वर्धा जिल्ह्यांतली. तिसरी आष्टी जालना जिल्ह्यांत परतूर तालुक्यांत. आणि खरा घोटाळा तिच्यामुळेंच होण्याचा संभव, कारण निजामाच्या राज्यांत तीही होती, फक्त परभणी जिल्ह्याखालीं. तेव्हां उर्दू कागदावर केवळ ‘आष्टी’ हें नांव दिसलें म्हणून हर्ष मानूं नये; जिल्हा आणि तालुका यांचीं नांवें वाचल्यावांचून पुढें जाऊं नये. तींही जुनींच असावयाचीं. अंबाजोगाई, उदाहरणार्थ, त्या काळीं मोमिनाबाद या नांवानें ओळखली जाई.

दुसरी गोष्ट काळाची. 1853 सालीं पहिले सालारजंग दिवाण झाले, तेव्हां निजामाच्या मुलखाचा वसूल बहुतांशीं मक्त्यानें दिला जात असे. मक्तेदार ठराविक रक्कम सरकारांत भरी आणि रयतेकडून काय घेतलें याचा हिशेब स्वतःच्या घरीं ठेवी. अशा व्यवस्थेंत सरकारी दप्तर जमावें कसें? सालारजंगांनीं मक्ते मोडले आणि 1865 सालीं जिल्हाबंदी केली. पगारी तालुकदार, तहसीलदार नेमले. 1875 च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी आणि जमाबंदी सुरू झाली. शेताशेताला सर्व्हे नंबर आणि प्रत्येक नंबराला पट्टेदार मिळाला. 1317 फसलींत जमीनमहसुलाचा कायदा झाला. यावरून शोधकाला सीमारेषा कळते. जिल्हाबंदीच्या अलीकडे व्यक्तीचें नांव सरकारी कागदांत मिळण्याची आशा वाढत जाते. पलीकडे मात्र देशमुख-देशपांड्यांच्या, पाटील-कुलकर्ण्यांच्या घरचे वतनी कागद, मंदिरमठांच्या सनदा, नाहीं तर पुण्याच्या पेशवे दप्तरांतील एखादें पान, हाच आधार.

तिसरी अडचण भाषा आणि लिपि यांची. निजामाच्या दरबारची भाषा प्रथम फारशी होती. 1884 च्या सुमारास तिची जागा उर्दूनें घेतली. गांवचा पटवारी मात्र आपला हिशेब मराठींत, मोडी वळणानें लिहीत राहिला. म्हणजे एकाच शेताची नोंद गांवांत मोडी आणि तहसिलींत उर्दू. तहसिलीचा कारकून घाईच्या शिकस्ता वळणानें लिही. त्यांत नुक्ते गाळले जात, आणि नुक्ता गळाला कीं एका अक्षराचें दुसरें होतें. उर्दूंत ‘ष’साठीं निराळें अक्षर नाहीं, ‘ळ’ नाहीं. मराठी आडनांव त्या लिपींतून जाऊन परत बाळबोधींत आलें म्हणजे मूळ रूपांत राहीलच, असें नाहीं. म्हणून जाणता वाचक एकट्या नांवावर भिस्त ठेवीत नाहीं. बापाचें नांव, सर्व्हे नंबर, शेजारच्या शेताचा पट्टेदार, हे तिन्ही जुळले तरच मान डोलावतो.

चौथी गांठ सालाची, आणि ती सोडविणें त्या मानानें सोपें. हैद्राबादचें फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभीं, आजूर महिन्यानें सुरू होई. त्यामागून दै, बहमन, इस्फंदार असे महिने येत. आजूर ते बहमन या पहिल्या तीन महिन्यांतील तारीख असेल तर फसली सनांत ढोबळ मानानें 590 मिळवावे. पुढील महिन्यांची असेल तर 591. जहागिरी रद्द करणारा हुकूम 15 ऑगस्ट 1949 चा, आणि त्यावर सन आहे 1358 फसली. हिशेब बरोबर जुळतो. एका वर्षाची ही चूक क्षुल्लक वाटेल. परंतु कायद्यानें ठरविलेल्या एखाद्या दिवशीं जमीन कोणाच्या कबजांत होती, एवढ्यावरच दाव्याचा निकाल असेल, तेव्हां त्याच एका वर्षांत शेत राहतें किंवा जातें.

यानंतर पाहावयाचें तें हें कीं, गांव खालसा होतें कीं जहागिरीचें. निजामाच्या राज्यांत सरकारच्या थेट अमलाखालच्या मुलखास दिवाणी किंवा खालसा म्हणत. निजामाच्या खाजगीचा मुलूख तो सर्फ-ए-खास. याशिवाय पायगा आणि जहागिरी निराळ्या. जहागिरीच्या गांवचें दप्तर जहागिरदाराच्या कचेरींत राही. 1949 नंतर तें सरकारांत आलें, तें जसें हातीं लागलें तसें. इनाम जमिनीचा पुरावा म्हणजे मुंतखब. इनामाची चौकशी होऊन तें कोणाच्या नांवें, कोणत्या अटीवर कायम केलें, हें त्यांत लिहिलेलें असतें. देवस्थानाच्या जमिनीचा तंटा पडला कीं दोन्ही पक्ष आधीं मुंतखबच शोधतात.

निजामी गेली त्यानंतरचीं वीस वर्षें ही या दप्तराची सर्वांत महत्त्वाची शिवण आहे. 1358 फसलींत हक्कनोंदीचा नियम झाला. 1950 सालीं कुळकायदा आला. 1951 च्या खानेसुमारीबरोबर नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही लिहिली गेली. 1954-55 सालचें खासरा पाहणी पत्रक तर जुन्या आणि नव्या दप्तरांमधला पूलच होय. जमीन कोणाच्या नांवावर आणि प्रत्यक्ष कसतो कोण, या दोन्ही गोष्टी त्यांत शेजारीं शेजारीं सांपडतात. 1 नोव्हेंबर 1956 रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, 1 मे 1960 रोजीं महाराष्ट्र झाला, आणि 15 ऑगस्ट 1967 पासून सबंध राज्यास एकच जमीनमहसूल संहिता लागू झाली. पुढें एकत्रीकरणाच्या योजनेनें सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. जुना नंबर घेऊन नव्या उताऱ्यांत शोधणारा म्हणूनच रिकाम्या हातीं परततो. आधीं भूमि अभिलेख कचेरींतील एकत्रीकरणाचा तक्ता पाहावा लागतो.

यावरून शोधाची दिशा आपोआप ठरते. आजपासून निघावें आणि एकेक पायरी मागें जावें. सातबाराच्या उताऱ्यावर फेरफारांचे क्रमांक असतात; त्या क्रमांकांनीं फेरफाराची नोंदवही उघडावी. कोणी कोणाकडून, वारसानें, खरेदीनें कीं वाटणीनें जमीन मिळविली, हें तेथें कळतें. तेथून एकत्रीकरणाचा तक्ता, मग खासरा पाहणी पत्रक, मग मोजणीच्या वेळचें सेतवार. खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरींत मिळतें. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणें स्थावर मिळकतीच्या दस्तांचें पहिलें पुस्तक ठराविक फी भरून कोणासही पाहतां येतें. मृत्युपत्रें ज्यांत असतात तें तिसरें पुस्तक मात्र असें सर्वांस खुलें नाहीं. तालुक्यांत धागा तुटला, तर छत्रपति संभाजीनगरचें पुराभिलेखागार आहे, आणि त्याहून मागें जावयाचें तर हैद्राबादेस तेलंगणाचें राज्य पुराभिलेखागार. संगणकावर आतां सातबारा घरबसल्या दिसतो, कित्येक जुन्या पानांचीं छायाचित्रेंही दिसतात. पण तें पान वाचील कोण, हा प्रश्न जागच्या जागींच राहतो.

एवढें करूनही महसुली दप्तर सर्वांची दाद घेत नाहीं. तें जमीन धरणाऱ्याचें दप्तर आहे, गांवांत राहणाऱ्याचें नव्हे. पट्टेदाराचें नांव मिळतें. त्याचा शिकमीदार कधीं मिळतो, कधीं मिळत नाहीं. त्याच्या शेतावर पिढ्यान् पिढ्या राबलेल्या भूमिहीनाचें नांव मिळणें कठीण, आणि घरांतील स्त्रीचें त्याहून कठीण. ती बहुधा नवरा वारल्यावर वारस म्हणूनच कागदावर उमटते. अशा माणसांसाठीं निराळीं दारें ठोठवावीं लागतात: गांव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूचें रजिस्टर, शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही, त्र्यंबकेश्वर, नाशिक अशा क्षेत्रींच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, ज्यांत यजमानांचीं कुळें गांववार लिहिलेलीं असतात. खानेसुमारीचे मूळ तक्ते मात्र 1948 च्या कायद्यानें गुप्त राहतात; ते कोणास पाहतां येत नाहींत. आष्टी हा कोरडवाहू तालुका. येथील कित्येक कुटुंबें ऊसतोडीसाठीं दिवाळीच्या सुमारास गांव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. ज्याचें अर्धें वर्ष परमुलखांत जातें त्याची वस्ती कागदावर ठरवावी कशी, हा प्रश्न जुन्या दप्तरानें सोडविला नाहीं आणि नव्यानेंही पुरता सोडविलेला नाहीं.

शिवाय कागदावर आहे तें सारें सत्य, असेंही नाहीं. महसुली नोंद कायद्यानें खरी धरली जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. पट्टा एकाचा आणि नांगर दुसऱ्याचा, ही स्थिति निजामीच्या काळीं दुर्मिळ नव्हती. म्हणून एका कागदावर थांबूं नये. पटवाऱ्याची मोडी आणि तहसिलीची उर्दू एकमेकींसमोर ठेवाव्या. दोघींची साक्ष जुळली तर ती नोंद भक्कम समजावी. न जुळली, तर का जुळत नाहीं, हें शोधण्यांतच पुष्कळदां त्या घराचा खरा इतिहास हातीं येतो.

23 सप्टेंबर 2022 रोजीं नगरहून आष्टीपर्यंत आगगाडी सुरू झाली. सीनेचे दोन्ही तीर लोखंडी रुळांनीं जोडले गेले. दप्तरें मात्र अजून जुळावयाचीं आहेत. कागद वाळवीपासून जपतां येतो, त्याचें छायाचित्र घेतां येतें. मोडी आणि शिकस्ता उर्दू वाचणारी पिढी मात्र सरत आली आहे, आणि तिचें छायाचित्र घेऊन भागणार नाहीं. मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्यांत या दोन लिपि जाणणारीं चार-दोन तरुण माणसें तयार झालीं, तर पुढच्या पिढीच्या शेतकऱ्याला आपल्या पणजोबाचें नांव वाचून दाखविणारा कोणी तरी भेटेल. नाहीं तर नांव दप्तरांत असेल, दप्तर कपाटांत असेल, आणि तरीही तें हरवलेलेंच राहील.