पुलकेशीचा दरबार: एका ओळखीची कुळकथा

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एक दरबार रंगवलेला आहे. सिंहासनावर राजा, भोवती सेवक, आणि समोर नजराणे घेऊन आलेले गोरे, दाढीवाले परदेशी. डोक्यावर टोकदार टोप्या, अंगात शिवलेले अंगरखे. इतिहासाच्या जुन्या पुस्तकांत या चित्राखाली ठरलेली ओळ असे: दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारात इराणचा वकील.

ही ओळख पटवली स्कॉटिश अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी, १८७९ साली. टोप्या आणि पेहराव सासानी इराणचे, हे त्यांनी अचूक हेरले. मग आधार शोधला इतिहासकार तबरीच्या ग्रंथात. इराणचा बादशहा दुसरा खुस्रो याच्या कारकिर्दीच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ६२५च्या सुमारास, एका हिंदी राजाने त्याच्याकडे पत्रे आणि भेटी धाडल्याचे तबरी सांगतो. तेव्हा दख्खनवर चालुक्य पुलकेशीचे राज्य होते.

मात्र तबरीच्या मजकुरात भेटी जातात इराणला. चित्रात त्या येतात इराणी माणसांच्या हातून. फर्ग्युसन यांनी ही परतभेट मानली आणि प्रश्न मिटवला. पुढे व्हिन्सेंट स्मिथ यांनी हे चित्र पुलकेशीच्या काळचे म्हणून त्यावरूनच अजिंठ्याच्या महत्त्वाच्या चित्रांचा काळ ठरवला. जे सिद्ध करायचे होते, तेच पुरावा होऊन बसले.

उलगडा झाला तो शेजारच्या शिलालेखांमुळे. सोळाव्या लेण्यात वराहदेवाचा लेख आहे. हा वराहदेव वत्सगुल्मच्या, म्हणजे आजच्या वाशीमच्या, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे लेख संपादित करून त्या राजवंशाचा इतिहास उभा केला. वॉल्टर स्पिंक यांनी लेण्यांचे खोदकाम बारकाईने तपासले आणि पहिले लेणेही हरिषेणाच्याच काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवले. हा काळ मान्य केला, तर चित्र रंगले तेव्हा पुलकेशीचा जन्मही झालेला नव्हता.

मग सिंहासनावरचा राजा कोण? डीटर श्लिंगलोफ यांनी तो महासुदर्शन असल्याचे दाखवले: बुद्धाचा एका पूर्वजन्मातला चक्रवर्ती अवतार, ज्याला इतर राजे नजराणे आणतात. बौद्ध विहाराच्या भिंतीवर, बुद्धाच्या जन्मकथांच्या रांगेत, हीच कथा अधिक शोभते. फर्ग्युसन यांनी ती रांग वाचली नाही; चौकटीतला एकच प्रसंग सुटा करून पाहिला.

यामुळे चित्राचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. सतराव्या लेण्यात बुद्धाभोवतीच्या गर्दीतही असे परदेशी दिसतात. त्यांची टोपी, दाढी, अंगरखा दख्खनच्या चितारांना चांगलाच परिचयाचा होता, एवढे नक्की. एखाद्या वकिलातीच्या तारखेपेक्षा, पश्चिम किनाऱ्यावरून घाट चढून आत येणाऱ्या माणसांची ही साक्ष मोठी आहे.

हे चित्र इतिहासाच्या पुस्तकात जरूर छापावे. त्याखालची पुलकेशीची ओळ मात्र आता काढून टाकावी.