मोजकी क्रियापदे, सहज इंग्रजी

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. मालवण, तारकर्ली, देवबाग या किनाऱ्यावर परप्रांतीय व परदेशी पाहुण्यांची वर्दळ वाढत गेली, तसे होडीवाले, निवास-न्याहारीची सोय करणारी कुटुंबे आणि स्कुबा डायव्हिंगचे मार्गदर्शक यांच्या दृष्टीने इंग्रजी ही रोजच्या व्यवहाराची गरज झाली. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविले जाते. तरीही प्रत्यक्ष बोलताना अनेकांची जीभ अडखळते. याचे कारण शब्दांची टंचाई हे नसून, भारदस्त शब्दांचा शोध हे असते.

मालवणच्या धक्क्यावर एखादा होडीवाला 'नौकेत आरोहण करावे' असे कधीच म्हणणार नाही. तो 'होडीत बसा' म्हणेल. इंग्रजीतही असेच दोन थर आहेत. 'एम्बार्क', 'कन्झ्यूम', 'रिक्वायर' हे शब्द फ्रेंच-लॅटिन परंपरेतून आलेले. लेखी व औपचारिक भाषेत शोभणारे. 'गेट', 'टेक', 'पुट', 'कम', 'गो' ही क्रियापदे घराघरांतली. त्यांपैकी 'गेट' व 'टेक' हे शब्द समुद्रमार्गे इंग्लंडला आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतून रुजले.

अशा क्रियापदांवर किती काम भागते, हे सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली मांडलेल्या 'बेसिक इंग्लिश' या योजनेतून दिसते. तिच्यात शब्द होते केवळ ८५० आणि क्रियापदे अवघी १८. ऑन, ऑफ, इन, आउट, अप, डाउन अशा शब्दांची जोड देऊन त्यांच्याकडून बाकीचे अर्थ साधले जात.

एक 'काढणे', अनेक रूपे

ही पद्धत मराठी माणसाला नवी नाही. आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते आणि समुद्र खवळलेला असेल तर बोटही लागते. इंग्रजीत यांतील बराच भार 'गेट' उचलतो: 'गेट हंग्री', 'गेट हर्ट', 'गेट सीसिक'. ओले होणे म्हणजे 'गेट वेट', उशीर होऊ लागणे म्हणजे 'इट्स गेटिंग लेट'.

मात्र मराठी क्रियापदाला एकच इंग्रजी क्रियापद जोडले की घोटाळा होतो. फोटो काढणे म्हणजे 'टेक अ फोटो'. 'रिमूव्ह' म्हटल्यास भिंतीवरची तसबीर उतरविण्याचा अर्थ होतो. जॅकेट काढणे म्हणजे 'टेक ऑफ', तिकीट काढणे म्हणजे 'बाय' किंवा 'गेट', बँकेतून पैसे काढणे म्हणजे 'टेक आउट'. जेवण घेणे याला 'हॅव लंच' हा रूढ प्रयोग आहे. जॅकेट अंगावर चढविण्याच्या क्रियेला 'पुट ऑन' म्हणतात. ते अंगावर असण्याला 'वेअर'. होडी लहान असेल तर 'गेट इन' व 'गेट आउट', मोठी असेल तर 'गेट ऑन' व 'गेट ऑफ'.

सुरक्षिततेचा प्रश्न

किनाऱ्यावर ही केवळ शैलीची बाब नाही. लाट आली असता सूचना क्षणात समजली पाहिजे. 'पुट ऑन युअर लाइफ जॅकेट', 'सिट डाउन', 'होल्ड ऑन' ही छोटी वाक्ये ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा पाहुण्यांनाही कळतात. स्कुबामध्ये पाण्याखाली बोलता येत नाही. म्हणून खुणा आधीच समजावून द्याव्या लागतात. वर केलेला अंगठा म्हणजे 'छान' नव्हे, तर 'गो अप'. सारे ठीक असल्याची खूण अंगठा व तर्जनी जुळवून करतात. हा फरक बुडी घेण्यापूर्वीच साध्या शब्दांत सांगितलेला बरा.

साधेपणालाही मर्यादा आहेत. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, हा अर्थ सुट्या शब्दांवरून उमगत नाही. असे प्रयोग परक्या पाहुण्यांशी बोलताना टाळावेत. 'यू मे गेट लॉस्ट' म्हणजे 'तुमची वाट चुकेल', पण नुसते 'गेट लॉस्ट' म्हणजे 'चालते व्हा'! अर्ज, तक्रार वा करारपत्र लिहिताना औपचारिक क्रियापदेच योग्य ठरतात.

सराव कसा करावा?

क्रियापदाचे अर्थ पाठ करण्याऐवजी आपल्या व्यवसायातील पूर्ण वाक्ये वहीत उतरवावीत. आठवड्याला एकच क्रियापद घ्यावे आणि त्याची दहा वाक्ये मोठ्याने म्हणावीत. 'गेट–गॉट', 'टेक–टुक', 'गो–वेंट' अशी भूतकाळाची रूपे नियमात बसत नाहीत. ती वाक्यांसोबतच घोटावीत. पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, तेव्हा या अभ्यासाला सवडही मिळते. मोसम सुरू होईपर्यंत अशी शंभर वाक्ये तोंडात बसली, तर पाहुण्यांशी बोलताना शब्द शोधत थांबावे लागणार नाही.