कुस्को : निवास आणि भोजन

कुस्को : (केचुआ भाषेत ‘कोस्को’). दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या आग्नेय भागातले, अँडीज पर्वतराजीत वसलेले ऐतिहासिक शहर. एकेकाळची इंका साम्राज्याची राजधानी आणि आज कुस्को प्रदेशाचे प्रशासकीय केंद्र. लोकसंख्या सु. ४ लाख २८ हजार (२०१७). समुद्रसपाटीपासून उंची सु. ३,४०० मी., म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक आणि जवळजवळ लेहइतकी. माचू पिक्चू या जुन्या इंका नगरीला जाणारे बहुतेक प्रवासी येथे मुक्काम करतात. कुस्कोत कुठे उतरावे, पहिल्या रात्री काय जेवावे आणि किती जेवावे हे ठरवताना पैशाआधी उंचीचा विचार करावा लागतो.

पूर्वपीठिका : पंधराव्या शतकात पाचाकुती या इंका सम्राटाने शहराची नव्याने आखणी केली. नोव्हेंबर १५३३ मध्ये स्पॅनिश फौज येथे शिरली आणि २३ मार्च १५३४ रोजी तिचा नायक फ्रान्सिस्को पिसारो याने कुस्कोची स्पॅनिश शहर म्हणून विधिवत स्थापना केली. इंकांचे महाल सरदारांना आणि धर्मसंघांना वाटून देण्यात आले. चुन्याशिवाय बसवलेल्या मूळ दगडी भिंती त्यांनी पायाला तशाच ठेवल्या आणि त्यांवर कच्च्या विटांचे मजले, लाकडी सज्जे व लाल कौलांची छपरे चढवली. ३१ मार्च १६५० आणि २१ मे १९५० च्या भूकंपांत वरचे बांधकाम मोठ्या प्रमाणात कोसळले, पण खालचे इंका दगड बहुतांशी जागचे हलले नाहीत. कोरिकांचा या सूर्यमंदिरावर उभारलेल्या सांतो दोमिंगो मठात हा फरक आजही डोळ्यांना दिसतो. १९८३ मध्ये युनेस्कोने शहराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

उंचीचा परिणाम : समुद्रकाठच्या लिमाहून विमान सव्वा-दीड तासात कुस्कोला पोचते. शरीराला मात्र तेवढ्या वेळात सु. ३,४०० मीटरची चढण पडते. येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. डोकेदुखी, मळमळ, धाप, उचटलेली झोप या त्रासाला स्थानिक लोक ‘सोरोचे’ म्हणतात. पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा, मद्य टाळावे, पाणी भरपूर प्यावे आणि रात्री हलके सूप घेऊन झोपावे. हृदयविकार वा श्वसनाचा त्रास असलेल्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हॉटेलांच्या दर्शनी दालनात कोकाच्या पानांचा गरम काढा ठेवलेला असतो. पेरूमध्ये तो कायदेशीर आणि रोजच्या चहासारखा आहे. भारतात मात्र कोकाची पाने बाळगणे हा अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरतो, त्यामुळे पाने वा त्यांच्या चहाच्या पुड्या आठवण म्हणूनही परत आणू नयेत. पुदिन्याच्या जातीच्या ‘मुन्या’ या डोंगरी वनस्पतीचा काढाही जेवणानंतर घेतला जातो.

उंचीच्या त्रासावर एक उपाय मुक्कामाच्या क्रमात आहे. विमानतळावरून थेट उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे ‘पवित्र दरी’त उतरावे. उरुबाम्बा व ओयान्तायताम्बो ही गावे कुस्कोपेक्षा पाचशे-सहाशे मीटर खाली आहेत. माचू पिक्चू त्याहूनही खाली, सु. २,४३० मीटरवर आहे. आधी दरी, मग माचू पिक्चू आणि शेवटी कुस्को असा क्रम ठेवला तर शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो.

निवासव्यवस्था : शहरातील जुन्या घराला ‘कासोना’ म्हणतात. रस्त्याच्या बाजूला जाड बंद भिंत, मोठा दरवाजा, आत फरसबंद चौक आणि चौकाभोवती कमानींच्या ओसऱ्या अशी त्याची रचना असते. मराठी वाचकाला ती चौसोपी वाड्याची आठवण करून देईल. अशी अनेक घरे आणि काही मठ आज हॉटेले झाली आहेत. प्लासा नासारेनास या छोट्या चौकातील ‘मोनास्तेरियो’ हे हॉटेल पूर्वी सान आंतोनियो आबाद हे धर्मगुरूंचे विद्यालय होते. त्याचे सोनेरी प्रार्थनाघर आणि चौकातला जुना देवदार अजून आहे, आणि काही खोल्यांत जादा प्राणवायू सोडण्याची सोय आहे. शेजारचे ‘पालासिओ नासारेनास’ हेही धार्मिक स्त्रियांचे जुने निवासस्थान होते. सान आगुस्तिन मठाच्या अवशेषांभोवतीही एक मोठे हॉटेल उभे राहिले आहे. ही सर्व महागड्या वर्गातली आहेत. मुक्काम परवडत नसेल, तर अशा एखाद्या हॉटेलच्या चौकात चहा घेऊन वास्तू पाहता येते.

मध्यम आणि कमी खर्चाच्या प्रवाशांसाठी ‘ओस्ताल’ व ‘ओस्पेदाहे’ असतात. पेरूमध्ये ‘ओस्ताल’ म्हणजे स्वतंत्र खोल्यांचे लहान हॉटेल. एका दालनात अनेक खाटा असलेल्या स्वस्त जागांना ‘ओस्टेल’ म्हणतात. दोन शब्दांत गल्लत झाली तर आरक्षणात घोटाळा होतो. ‘ओस्पेदाहे’ बहुधा कुटुंबाने चालवलेला असतो आणि न्याहारी घरच्याच स्वयंपाकघरातून येते.

वस्ती निवडताना चढण मोजावी. प्लासा दे आर्मास या मुख्य चौकाजवळ सर्व सोयी हाताशी आहेत, पण रात्री गजबज असते. कारागिरांची जुनी वस्ती सान ब्लास पांढऱ्या भिंतींची, निळ्या दारांची आणि अतिशय देखणी आहे. मात्र तिच्या अनेक गल्ल्या पायऱ्यांच्या आहेत आणि टॅक्सी दारापर्यंत जात नाही. विमानातून नुकत्याच उतरलेल्या माणसाला जड बॅग घेऊन ती चढण दम काढणारी ठरते. आव्हेनिदा एल सोल या रुंद रस्त्यालगतची हॉटेले तुलनेने सपाटीवर आहेत; वृद्ध प्रवाशांना ती सोयीची.

खोली घेण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात : हीटर आहे का आणि गरम पाणी किती वेळ असते. जून-जुलैत दुपारी तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास असले, तरी रात्री ते शून्याजवळ येते. जुन्या घरांत ऊब मिळण्याची वेगळी सोय क्वचितच असते. अल्पाकाच्या लोकरीची जाड पांघरुणे आणि रबरी पिशवीतले गरम पाणी यांवर काम भागते. पारपत्र आणि देशात प्रवेश केल्याची नोंद दाखवणाऱ्या, ६० दिवसांपेक्षा कमी राहणाऱ्या परदेशी पाहुण्याला निवासाच्या बिलावर १८ टक्के विक्रीकर लागत नाही. हिशेब होताना याची आठवण करून द्यावी. माचू पिक्चूच्या रेल्वेत सामानावर मर्यादा असल्याने मोठी बॅग कुस्कोच्या हॉटेलात ठेवून जाण्याची पद्धत आहे. बहुतेक हॉटेले त्यासाठी पैसे घेत नाहीत.

भोजनाची रीत : मुख्य जेवण दुपारचे. साधारण साडेबारा ते तीन या वेळात साध्या खानावळींबाहेर फळ्यावर ‘मेनू’ लिहिलेला असतो. ‘मेनू’ म्हणजे येथे पदार्थांची यादी नव्हे. ठरलेल्या दरात सूप, एक मुख्य पदार्थ आणि पेय असे पूर्ण जेवण, आपल्याकडच्या राइसप्लेटसारखे. पोटभर, ताजे आणि स्वस्त जेवण हवे असेल तर दुपारी हेच घ्यावे. रात्रीची उपाहारगृहे मुख्यतः प्रवाशांसाठी चालतात आणि महाग असतात. जेवणाऱ्याच्या टेबलाजवळून जाताना ‘प्रोवेचो’, म्हणजे ‘सावकाश होऊ द्या’, असे म्हणण्याचा रिवाज आहे. मोठ्या उपाहारगृहांत सु. १० टक्के बक्षिशी देतात. चलन ‘सोल’, सुटे पैसे जवळ असावेत.

पाककृती : ३,४०० मीटरवर पाणी सु. ८९° सेल्सिअसलाच उकळते. त्यामुळे शिजायला वेळ लागतो आणि मंद आचेवरची सुपे, मातीच्या भट्टीतले भाजणे व वाळवण यांना येथील स्वयंपाकात मोठे स्थान मिळाले. रात्रीची गोठवणारी थंडी आणि दिवसाचे कडक ऊन यांत आळीपाळीने ठेवून, पायांनी तुडवून पाणी काढलेला बटाटा म्हणजे ‘चुन्यो’. तो वर्षानुवर्षे टिकतो. वाहत्या पाण्यात भिजवून केलेला त्याचा पांढरा प्रकार म्हणजे ‘मोराया’. ‘चाइरो’ या दाट सुपात चुन्यो, मांस आणि भाज्या असतात. खारवून वाळवलेले मांस म्हणजे ‘चार्की’.

‘कुई’, म्हणजे गिनीपिग, हा येथील समारंभाचा पदार्थ. वाकाताय या सुगंधी पाल्याचे वाटण लावून तो अखंड भाजतात आणि डोक्यासकट वाढतात. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाता या चित्रकाराचे अठराव्या शतकातले ‘अखेरचे भोजन’ आहे. त्यात येशूच्या पुढ्यातल्या ताटात भाजलेला कुई असल्याचे मानले जाते. मे-जूनमधील कॉर्पस क्रिस्ती या सणाचा पदार्थ ‘चिरी उचू’, म्हणजे ‘थंड मिरची’. एका थाळीत कुई, कोंबडी, चार्की, सॉसेज, चीज, भाजलेला मका, समुद्री शेवाळ, माशांची अंडी आणि तिखट रोकोतो मिरची असे सगळे थंडच वाढले जाते. किनारा आणि डोंगर दोन्ही त्यात आले. सारण भरलेली रोकोतो, चीचा या मक्याच्या आंबवलेल्या पेयात मुरवलेले डुकराचे मांस (‘अदोबो’), डोंगरी ओढ्यांतला ट्राउट मासा आणि अल्पाकाचे मांस हेही सर्वत्र मिळते. चिनी स्थलांतरितांच्या हातून आलेला ‘लोमो साल्तादो’ हा गोमांस, कांदा, टोमॅटो व तळलेल्या बटाट्यांचा परतलेला पदार्थ भातासोबत देतात.

जेवणासोबतची ‘उचुकुता’ ही चटणी मिरची, वाकाताय, शेंगदाणे व चीज दगडी ‘बातान’वर वाटून करतात. बातान म्हणजे जवळजवळ आपला पाटा. फक्त वरवंटा लोटण्याऐवजी जड, गोलसर दगड डुलवतात.

शाकाहार : कुस्कोत शाकाहारी उपाहारगृहे अनेक आहेत, विशेषतः मुख्य चौक व सान ब्लास भागात. साध्या खानावळीत मात्र ‘सिन कार्ने’ (मांसाविना) एवढे सांगून भागत नाही. ‘कार्ने’ म्हणजे बहुधा गुराढोरांचे मांस समजले जाते आणि ताटात कोंबडी येते. ‘नि पोयो, नि पेस्कादो’ (कोंबडी नको, मासेही नकोत) असे पुढे जोडावे आणि सूप हाडांच्या पाण्यात केले आहे का ते विचारावे. घेण्याजोगे पदार्थ म्हणजे किन्वाचे सूप, बटाटा व दुधातला बाकल्याच्या शेंगांचा ‘काप्ची’, आणि मोठ्या पांढऱ्या दाण्यांचे उकडलेले कणीस व ताजे चीज (‘चोक्लो कोन केसो’).

मराठी प्रवाशाला येथील बाजार अनोळखी वाटत नाही. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणला, पण ते पीक याच पर्वतांतले. अँडीजमध्ये त्याच्या ४,००० हून अधिक देशी जाती आहेत. रताळे, शेंगदाणा आणि मिरची हीही अमेरिका खंडातून आलेली. राजगिऱ्याच्या कुळातले ‘किविचा’ येथे फुलवून, मधात किंवा पाकात घोळवून वड्यांच्या रूपात विकतात. एकादशीच्या ताटातला बराच ऐवज कुस्कोच्या बाजारात रोजच्या जेवणाचा आहे.

बाजार व खानावळी : सान पेद्रो रेल्वे स्थानकासमोरचा सान पेद्रो बाजार सकाळच्या खाण्यासाठी उत्तम. रसवाल्या, पाववाल्या, चीजवाल्या आणि सूपवाल्या बायकांच्या वेगवेगळ्या रांगा आहेत. गिऱ्हाईक व विक्रेती एकमेकांना ‘कासेरा’, ‘कासेरो’ म्हणतात. रसाचा पेला रिकामा झाला की ‘यापा’ मागावी. भांड्यात उरलेला रस त्याच पैशांत पुन्हा ओतला जातो. नळाचे पाणी पिऊ नये. उकळलेले किंवा बाटलीबंद पाणी घ्यावे. कापलेली कच्ची पालेभाजी पहिल्या दिवसांत टाळलेली बरी.

अंगण असलेल्या दुपारच्या पारंपरिक खानावळींना ‘किंता’ म्हणतात. ‘चीचेरिया’त मोड आणलेल्या मक्यापासून आंबवलेली ‘चीचा दे होरा’ मोठ्या पेल्यांत मिळते. घराबाहेर बांबूच्या टोकाला लाल प्लास्टिकची पिशवी किंवा फुले बांधलेली दिसली की आत ताजी चीचा आहे असे समजावे. पिण्यापूर्वी दोन थेंब जमिनीवर, पाचामामेसाठी म्हणजे धरणीमातेसाठी, सांडतात. जांभळ्या मक्याची ‘चीचा मोरादा’ मात्र बिनमद्याची आणि गोड असते. कॉफी व कोको याच प्रदेशातील ला कोन्वेन्सियोन या उष्ण खोऱ्यातून येतात.

शहराबाहेर आग्नेयेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकेका गावाने एकेक पदार्थ राखला आहे : साय्या तळलेल्या डुकराच्या मांसासाठी, तिपोन कुईसाठी, ओरोपेसा ‘चुता’ या मोठ्या, गोल, किंचित गोड पावासाठी, लुक्रे बदकासाठी. रविवारी कुस्कोची कुटुंबे याच रस्त्याने दुपारच्या जेवणाला जातात.

योग्य काळ : मे ते सप्टेंबर कोरडा, नोव्हेंबर ते मार्च पावसाळी, त्यातही जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस जास्त. फेब्रुवारीत माचू पिक्चूची इंका पायवाट बंद ठेवतात. २४ जूनच्या इंती रायमी या सूर्योत्सवाच्या, म्हणजे १९४४ पासून पुन्हा सुरू झालेल्या सोहळ्याच्या सुमारास खोल्या अनेक महिने आधी भरतात आणि दर वाढतात. गर्दी नको असेल तर एप्रिलचा शेवट किंवा सप्टेंबर निवडावा.

कोरड्या ऋतूत बटाट्याची काढणी झाली की शेतातल्याच ढेकळांची घुमटी रचून ती आतून लाल होईपर्यंत तापवतात, त्यात बटाटे टाकतात आणि घुमटी त्यांवरच पाडून मातीने झाकतात. या भाजण्याला ‘वातिया’ म्हणतात. तासाभराने बटाटे उकरून, हातांनी साल काढून उचुकुतात बुडवून खातात. त्या दिवसांत पवित्र दरीकडे जाताना शेतातून धूर दिसला, तर गाडी थांबवून विचारायला हरकत नाही.