लाख सुनांची सासू आणि पांढरकवड्याचा सांबार

या शनिवारी 'ज्यूली अँड ज्यूलिया' पुन्हा एकदा बघितला. २००९ सालचा, नोरा एफ्रॉनचा. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: न्यूयॉर्कमधली ज्यूली पॉवेल नावाची कंटाळलेली नोकरदार बाई २००२ साली ठरवते, की ज्यूलिया चाइल्डच्या फ्रेंच स्वयंपाकाच्या पुस्तकातल्या सगळ्या ५२४ पाककृती ३६५ दिवसांत करायच्या, आणि त्याबद्दल इंटरनेटवर लिहायचं. दुसरी गोष्ट खुद्द ज्यूलियाची, महायुद्धानंतरच्या पॅरिसमधली. तिथे ती पुरुषांच्या वर्गात स्वयंपाक शिकते आणि हट्टाने घरी कांद्यांचा डोंगर चिरत बसते. मेरिल स्ट्रीपचा तो एक प्रसंग बघितला तरी पैसे वसूल. ज्यूलीचा अर्धा भाग मात्र जरा रडका आहे, असं माझं प्रामाणिक मत.

सिनेमात या दोघींची भेट होतच नाही. एवढंच नाही, तर म्हाताऱ्या ज्यूलियाला हा सगळा प्रकार फारसा पसंत नाही असं ज्यूलीला फोनवरून कळतं. खऱ्या आयुष्यातही तसंच झालं होतं. २००४ साली ज्यूलिया गेली, २०२२ साली ज्यूलीही गेली, अवघ्या ४९ व्या वर्षी. तरीपण एका अनोळखी बाईच्या पुस्तकाने दुसरीला वर्षभर हात धरून चालवलं, हे काही खोटं होत नाही.

आणि इथे मला आपल्या कमलाबाई ओगले आठवल्या.

ज्यूलिया चाइल्डचा जन्म १९१२ चा, कमलाबाईंचा १९१३ चा. म्हणजे जवळपास एकाच वयाच्या. ज्यूलिया कॅलिफोर्नियातल्या सुखवस्तू घरातली, कॉलेजात शिकलेली, महायुद्धात अमेरिकन गुप्तहेर खात्यात नोकरी केलेली. कमलाबाई सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या, शिक्षण चौथीपर्यंत. ज्यूलिया पॅरिसच्या 'कॉर्दों ब्लू'मध्ये जाऊन शिकली, कमलाबाई लग्नानंतर सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या. एकीचं पुस्तक १९६१ साली आलं, दुसरीची 'रुचिरा' १९७० साली. तेव्हा कमलाबाई सत्तावन्न वर्षांच्या होत्या! आपण तिशीतच 'आता काय नवीन शिकणार' म्हणून सुस्कारे टाकतो. असो.

कुंडल म्हणजे किर्लोस्करवाडीच्या अगदी शेजारचं गाव. १९१० साली लक्ष्मणरावांनी त्या माळावर नांगराचा कारखाना वसवला. पुढे १९३० मध्ये त्याच किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक काढलं, आणि 'रुचिरा' पहिल्यांदा छापली तीही किर्लोस्करांनीच. लोखंडी नांगर, बायकांचं मासिक आणि पुरणपोळीची कृती, सगळं एकाच घराण्याच्या छत्राखाली. मला यात एक सुसंगती दिसते. घरात जे ज्ञान अंदाजाने चालायचं त्याला माप लावायचं, हे काम कारखानेवाल्यांना पटणारच की.

कारण 'रुचिरा'ची खरी करामत पदार्थांत नाही, मापांत आहे. वाटी आणि चमचा. बस. आज यात काही विशेष वाटत नाही, पण १९७० चा काळ आठवा. शेर, पावशेर, छटाक जाऊन किलो-ग्रॅम येऊन जेमतेम दहा वर्षं झालेली. नव्या सुना मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांत राहायला आलेल्या, सासू गावाकडे, आई त्याहून लांब. फोन करून 'आई, बेसनाच्या लाडवाला तूप किती?' विचारायची सोय बहुतेकींना नव्हती. आणि विचारलं असतं तरी उत्तर आलं असतं, 'अगं, बसेल तितकं!' आमच्या धंद्यात याला डॉक्युमेंटेशन नसलेला कोड म्हणतात. सगळं एका सिनियर माणसाच्या डोक्यात, आणि तो माणूस गेला की संपलं. कमलाबाईंनी सासूबाईंच्या डोक्यातलं सगळं बाहेर काढून वाटी-चमच्यात बसवलं, आणि वाटी तर प्रत्येक घरात असतेच. दीड लाखाच्या वर प्रती खपल्या. लोक त्यांना 'एक लाख सुनांची सासू' म्हणायचे ते उगाच नाही.

मराठीत पाककृतींची पुस्तकं त्याआधी नव्हती असं नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं आहे (लेखक पुरुष, याची नोंद घ्यावी!). लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० चं. पण लग्नात भेट म्हणून देण्याइतकी आणि हळदीचे डाग पडून पानं चिकटण्याइतकी घराघरात गेली ती 'रुचिरा'च.

आता माझ्या गावाकडे वळतो. मी मूळचा पांढरकवड्याचा. कुठे आलं ते, असं पुण्यात नेहमी विचारतात, म्हणून सांगतो: यवतमाळ जिल्हा, केळापूर तालुका, नागपूर-हैदराबाद हायवेवर. पुढे पाटणबोरी, मग पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, म्हणजे तेलंगणा. हा सगळा मुलूख वऱ्हाडाचा. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीचं सरकारी काम नागपूरला, नातीगोती आदिलाबादपर्यंत, आणि पुणे-मुंबई फक्त पेपरात. जेवणही तसंच. अंबाडीची भाजी आमच्याकडे भाकरीबरोबर, आणि तीच अंबाडी नदीपलीकडे गोंगुरा होऊन भाताबरोबर.

आमच्या घरीही 'रुचिरा' होती, आईच्या लग्नात आलेली. पण गंमत बघा, आईने त्यात पेन्सिलीने जागोजागी भाषांतर करून ठेवलंय! जिथे 'कोथिंबीर' छापलंय तिथे समासात 'सांबार'. (विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर हे माहीत नसलेला माणूस आमच्या बाजारात पहिल्याच दिवशी फसतो. 'दहा रुपयांचा सांबार द्या' हे ऐकून माझा कोल्हापूरचा रूममेट इडली कुठे मिळते ते शोधत होता.) 'बटाटा' तिथे 'आलू'. 'शेंगदाणे' तिथे 'फल्लीदाणे'. आणि 'चिमूटभर साखर' किंवा 'गुळाचा खडा' असेल तिथे सरळ काट :)

लहानपणी मला ते नुसतं गमतीदार वाटायचं. आता वाटतं, तो एक प्रकारचा वादच होता. चौथी शिकलेली कुंडलची बाई आणि मॅट्रिक झालेली पांढरकवड्याची बाई, पुस्तकाच्या समासात एकमेकींशी बोलताहेत. ज्यूलीने पुस्तक जसंच्या तसं करून बघितलं. आईने तसं केलं नाही. तिने माप घेतलं आणि चव आपली ठेवली.

पण एक गोष्ट समासात मावली नाही. 'रुचिरा'चा गाभा पश्चिम महाराष्ट्रातल्या ब्राह्मणी शाकाहारी स्वयंपाकाचा आहे. त्यात कमलाबाईंचा दोष काय? सासूबाईंनी जे शिकवलं ते त्यांनी लिहिलं. दोष असेल तर आपला, की एका घरचा स्वयंपाक म्हणजे 'महाराष्ट्रीय जेवण' असं आपण धरून चाललो. आमचा गोळाभात (जाडसर भरडलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे गोळे शिजत्या भातात वाफवायचे, आणि वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीचं कडक तेल), पुडाची वडी, पातोडीचा रस्सा, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, हे सगळं आमच्या घरात तोंडीच चालत आलं. नंतर विष्णू मनोहरांनी विदर्भाचं जेवण टीव्हीवर आणलं, आता यूट्यूबवर शोधलं तर डझनभर व्हिडिओ मिळतात. चांगलंच आहे. पण तिथेही जास्त करून सणाचे पदार्थ. आमच्या तालुक्यातल्या कोलाम आणि गोंड घरांत काय शिजतं, हे मी तिथे वाढूनही तुम्हाला सांगू शकणार नाही. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं जेवण त्यात लिहिलंय. 'सूपशास्त्र' ते हे पुस्तक, मध्ये १४० वर्षं गेली. नावातच टोला आहे, आणि तो योग्य जागी बसलाय. अजून वाचलं नसेल तर जरूर वाचा.

दुसरी अडचण पुस्तकाच्या हातातली नाहीच. कृती लिहून ठेवली, पण धान्यच शेतातून गेलं तर? आमच्याकडे खरिपात ज्वारी असायची. कापूस विकायला, ज्वारी खायला, धांड्यांचा कडबा बैलांना. गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीन आलं आणि ज्वारी आक्रसत गेली. भाव नाही, रानडुकरं शिवार साफ करतात, कापणी-मळणीला माणूस मिळत नाही, आणि रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त. जवसाचंही तेच. एके काळी विदर्भात घरोघरी फोडणीला जवसाचं तेल असायचं, आता सोयाबीनची पिशवी. त्यामुळे कण्यांची कृती मी कितीही नीट लिहिली, तरी ती करणाऱ्याला ज्वारी आधी पुण्याच्या मॉलमधून 'मिलेट' म्हणून विकत आणावी लागणार, गव्हाच्या दुप्पट भावाने!

तरी लिहायला सुरुवात केलीय. आईला फोनवर विचारतो, ती सांगते, मी एक्सेलमध्ये भरतो. हसू नका. आतापर्यंत सतरा पदार्थ झालेत. परवा कण्यांवर अडलो. भिजवायच्या किती वेळ, ताक कधी घालायचं, सगळं नीट सांगितलं. पाणी किती, विचारलं तर म्हणाली, "कण्या मांगतील तितकं." तो रकाना अजून रिकामा आहे. दिवाळीला घरी जाताना काटा आणि मोजपात्र बॅगेत टाकणार आहे.