हुशार पर्सीला वाचता का येईना?

७ नोव्हेंबर १८९६. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. आजचा धागा त्याच्याविषयी.

पर्सी चुणचुणीत होता, खेळात कुणाला हार जाणारा नव्हता. ७४९ गुणिले ८६७ हे गणित त्याने झटपट व अचूक सोडवले. परंतु स्वतःचे नाव लिहिताना त्याने अक्षरांची अदलाबदल केली आणि ती चूक त्याच्या ध्यानातही आली नाही. सात वर्षे शाळा आणि शिकवण्या होऊनही छापील शब्द त्याला निरर्थक भासत. शिक्षण केवळ तोंडी असते, तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याचे गुरुजी म्हणत. त्या काळी अशा मुलांच्या कपाळी ‘मठ्ठ’ हाच शिक्का बसे. हे पाहता गुरुजींचे निरीक्षण मला डॉक्टरांच्या निदानाइतकेच मोलाचे वाटते.

‘डिस्लेक्सिया’ हा शब्द जर्मन नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी त्याआधीच घडवला होता. पण तो मेंदूच्या विकाराने वाचनशक्ती गमावलेल्या प्रौढांसाठी. मॉर्गन यांनी पर्सीचा दोष जन्मजात मानला आणि त्याला ‘शब्दांधत्व’ म्हटले. डोळे मात्र निर्दोष होते!

मग शिकवायचे कसे? ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शेलवुड यांचा आग्रह होता की अशा मुलाला वर्गाबाहेर, एकट्याला, थोडाथोडा वेळ पण वारंवार शिकवावे. १९२५ साली अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन यांनी अक्षरे उलटसुलट होण्याच्या प्रवृत्तीचा अभ्यास मांडला. त्यांच्या विचारांवरून ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन यांनी १९३०च्या दशकात अध्यापनाची पद्धती बांधली: अक्षर पाहायचे, त्याचा ध्वनी उच्चारायचा, ऐकायचा आणि त्याच वेळी बोटाने गिरवायचे. एकेक ध्वनी पक्का झाला की त्यांतून शब्द जुळवायचा. अख्खा शब्द चित्रासारखा पाठ करवून घेण्याच्या तत्कालीन रीतीच्या हे नेमके उलट होते.

देवनागरीत उच्चार बराचसा लेखनाप्रमाणे चालतो, म्हणून आपण निर्धास्त राहू नये. ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक केवढासा! ‘कि’मधली वेलांटी तर आधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर होतो. बोटाने गिरवण्याचा तो जुना उपाय इथेही लागू पडतो.

भारतात विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात स्थान मिळाले ते २०१६ साली. पर्सीच्या हकिकतीनंतर तब्बल १२० वर्षांनी.