मोरस साखर आणि आजोबांचे आडनाव

मराठीत एके काळी परदेशातून येणाऱ्या शुभ्र साखरेला 'मोरस साखर' म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस. हिंदी महासागरातल्या त्या चिमुकल्या बेटाचे नाव आपल्या चहाच्या पेल्यापर्यंत पोहोचले होते. पण तो ऊस तोडणाऱ्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूरकडची मराठी माणसेही होती, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसे. हा धागा त्या माणसांच्या वंशजांचा आहे. सहा-सात पिढ्यांनंतर ते आपले मूळ गाव कसे शोधतात, आणि ते शोधणे इतके अवघड का होते?

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. इंग्रजांनी १८१० मध्ये हे बेट फ्रेंचांकडून जिंकले. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरचा जादा आयातकर ब्रिटनने उठवला आणि बेटावर जिकडेतिकडे ऊसच ऊस झाला. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना नुकसानभरपाई म्हणून सुमारे वीस लाख पौंड मिळाले. गुलामांना काहीही मिळाले नाही. मुक्त झालेली माणसे मळ्यांकडे पाठ फिरवणार हे उघड होते, म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून कराराने मजूर नेणे सुरू झाले. १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे तेथे उतरली. त्यांतील बहुसंख्य कलकत्त्याहून आणि मद्रासहून गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा लहान होता आणि तो ओघ १८६० च्या दशकानंतर जवळजवळ आटला. मॉरिशसच्या मराठी घराण्यांचा इतिहास म्हणूनच जुना आहे आणि त्याचे दुवे अधिक पुसट आहेत.

करार पाच वर्षांचा. पुरुषाला महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, तेल असा शिधा आणि थोडे कपडे. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. कडा, आष्टी, धानोरा या भागातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यावर जाणाऱ्या जोडप्याला 'खाडा' म्हणजे काय हे ठाऊक असते. अर्थात दोन्ही गोष्टी एकच नव्हेत. बीडची टोळी हंगाम संपला की परत येते. मॉरिशसला गेलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश माणसेच परतली. पीक मात्र तेच, आणि आगाऊ पैशाने माणूस बांधून घेण्याची रीतही ओळखीचीच.

पोर्ट लुई बंदरावर उतरताच प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. नोंदवहीत नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, मूळ प्रदेश, अंगावरील खूण, जहाज आणि मळा लिहिला जाई. आडनावाचा रकाना नव्हता. गावाकडे तरी त्या काळी आडनावाची गरज किती पडे? माणूस ओळखला जाई तो बापावरून, वाडीवरून, देवावरून. पण बेटावर फ्रेंच वळणाची जन्ममृत्यूची नोंद होती आणि तिला कुटुंबनाम हवेच होते. त्यामुळे पहिल्या माणसाचे पाळण्यातले नावच पुढच्या साऱ्या वंशाचे आडनाव झाले. समजा, बोटीतून उतरलेला मूळ पुरुष 'बाबाजी' असेल, तर त्याच्या पणतूचा पणतूही आज कागदोपत्री बाबाजीच! त्यात लिहिणारा कारकून इंग्रज किंवा फ्रेंच वळणाचा. 'ळ', 'ण', 'ठ' त्याच्या कानात शिरण्याआधीच गळून पडत.

अशा एखाद्या घराण्याच्या पिढ्या नजरेसमोर आणून पाहाव्यात. १८४० च्या दशकात आलेला पहिला पुरुष करार संपल्यावर 'जुना प्रवासी' ठरे. तरी त्याची सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने त्याला स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे. तो नसल्यास भटक्या म्हणून अटक. त्याच सुमारास मलेरियाच्या साथीने हजारो माणसे नेली. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या गोऱ्या मळेवाल्याने पुढाकार घेऊन ९,४०१ जुन्या प्रवाशांच्या नावाचा अर्ज राज्यपालांकडे दिला आणि त्यातून चौकशी आयोग नेमला गेला. (जुलमासाठी काढलेली ती छायाचित्रे आज वंशजांचा सर्वांत मोठा ठेवा आहेत. मात्र त्याआधीच वारलेल्या मराठी मूळ पुरुषांचे चेहरे त्यांत नाहीत.)

साखरेचे भाव पडल्यावर मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकड्यांनी विकल्या. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीने पैपै साठवून त्या घेतल्या. मजुराचा शेतकरी झाला. १९४७ च्या घटनेने बेटावरील कोणत्याही प्रचलित भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्यांना मताधिकार दिला आणि गावोगावच्या बैठकांतील रात्रीच्या वर्गांना एकाएकी राजकीय मोल आले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, तोवर घरातील बोली क्रेओल झाली होती. मराठी उरली ती शाळेच्या तासात, आरतीत आणि झाकरीत. ही झाकरी म्हणजे कोकणातील जाखडीच. कागदाने जे गमावले ते पायांच्या ठेक्याने जपले, असे येथे म्हणता येईल. बोलीतला एखादा शब्द किंवा कुलदैवताचे नाव हा कित्येकदा नोंदवहीपेक्षा भरवशाचा पुरावा ठरतो. गणेश चतुर्थीला तर आज मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते.

या नोंदवह्या आता मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. वंशज तेथे उलट्या दिशेने चालतो: स्वतःचा जन्मदाखला, मग आजोबांचा, मग पणजोबांचा, शेवटी प्रवासी क्रमांक. मार्च २०२४ मध्ये भारताने मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्डासाठी पात्र ठरवले, तेव्हापासून या साखळीला व्यावहारिक महत्त्वही आले आहे. मधला एक दाखला जुळला नाही तर वंश सिद्ध होत नाही.

आणि सगळे दाखले जुळले, तरी मूळ प्रदेशाच्या रकान्यात एखाद्याला फक्त 'रत्नागिरी' असे लिहिलेले सापडते. तेवढ्या आधारावर तो कोकणातल्या एखाद्या गावी पोहोचला, तर देवळाच्या पारावर त्याला पहिला प्रश्न विचारला जाईल तो आडनावाचा, आणि सांगायला त्याच्याकडे असेल ते बोटीतून उतरलेल्या त्या माणसाचे पाळण्यातले नाव.