तबकडी घरात कशी आली



मंडळाच्या स्मरणिकेत यंदा आपल्या गाण्यांच्या तबकड्यांविषयी कोणीतरी लिहावे, असे बैठकीत ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु मंडळाच्या खोलीतील जुन्या संगणकावर काम करता करता, ह्या एका तबकडीमागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, हे मला कळत गेले. तो माझ्या समजुतीप्रमाणे येथे मांडते.

आपल्या देशात तबकड्यांचा व्यवसाय खऱ्या अर्थाने १९०२ साली सुरू झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गेसबर्ग त्या वर्षी कलकत्त्यास आले आणि गौहरजान ह्या प्रसिद्ध गायिकेचा आवाज त्यांनी मुद्रित केला. त्या काळी मुद्रण येथे होई, पण तबकड्या छापल्या जात जर्मनीत हॅनोव्हर येथे. आवाज समुद्रापलीकडे जाई आणि कित्येक महिन्यांनी विकाऊ माल होऊन परत येई. पुढे १९०८ साली कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाला, तेव्हा ही फेरी चुकली. तथापि कोणाचा आवाज तबकडीवर चढावा, हे कंपनीच ठरवी. नामवंत गायिका आल्या, नाटकमंडळ्यांतील नट आले. पण पहाटे जात्यावर बसणारी किंवा चिखलात वाकून धान रोवणारी बाई तेथे कशाला जाते? तिच्या गाण्याला गिऱ्हाईक नव्हते, म्हणून तिच्या गाण्याची तबकडीही नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचे मोठे काम आपल्याच महाराष्ट्रात झाले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ ह्यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे आणि एक लाखाहून अधिक ओव्या, एवढा तो संग्रह आहे. आधी हाताने लिहून घेणे झाले. मग १९९५ नंतर बर्नार्ड बेल ह्या फ्रेंच संगणकतज्ज्ञांच्या साहाय्याने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. पॉइत्व्हँ २००४ साली वारले, राईरकरबाई २०१० साली गेल्या. परंतु संग्रह राहिला, आणि २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ ही संस्था त्यातील ओव्या बायकांच्या नावागावासह लोकांपुढे मांडीत आहे. बाई गेली तरी तिची ओवी तिच्याच आवाजात ऐकू येते, ही काय थोडी गोष्ट झाली?

आपल्या मंडळापाशी एवढा मोठा संग्रह नाही. आहेत त्या थोड्या कॅसेटी. रोवणीची गाणी, लग्नातली गाणी, जात्यावरची गाणी. आपल्या वडीलधाऱ्या बायांनी जमेल तशी भरून ठेवलेली. कॅसेट १९६३ साली फिलिप्स कंपनीने काढली आणि आपल्याकडे १९८० नंतर घरोघर पोचली. कंपनीला न विचारता आपला आवाज आपणच भरावा, ही सोय सामान्य बाईला कॅसेटीनेच दिली. पण कॅसेटीची फीत नाजूक. ती ताणते, गुंतते, ओल लागली की तिला बुरशी येते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तो येथे कोणाला आठवत नाही? त्यात आपल्या काही कॅसेटी भिजून गेल्या. फळीवरच्या डब्यातल्या तेवढ्या वाचल्या. ज्या गेल्या, त्यांतले काही आवाज पुन्हा मिळावयाचे नाहीत, कारण गाणाऱ्याच आता नाहीत. उरलेल्या वाचवावयाच्या, हे त्याच वेळी आपण ठरविले.

येथे सीडीची, म्हणजे नव्या तबकडीची हकिगत येते. ही १९८२ साली बाजारात आली. रुंदी १२ सेंटिमीटर, आणि तिच्यावर सुमारे ७४ मिनिटांचे गाणे मावे. एका सेकंदाच्या आवाजाची ४४,१०० वेळा मोजणी करून ते आकडे तबकडीवर सूक्ष्म खुणांच्या रूपाने उमटवितात आणि प्रकाशाच्या किरणाने वाचतात. सुई घासत नाही, म्हणून झीज नाही. पण आरंभी हीही कारखान्यातच छापावी लागे. १९८८ साली जपानच्या ताइयो युदेन कंपनीने कोरी तबकडी काढली. तिच्यात रंगाचा एक पातळ थर असतो. लेसर किरणाच्या उष्णतेने त्यात खुणा पडतात. घरच्या संगणकावर तबकडी ‘जाळणे’ म्हणतात ते हेच.

परंतु यंत्र असून भागत नाही, ते चालविणारी प्रणाली लागते, आणि तिला पैसे पडतात. ह्या अडचणीवरचा मार्गही इतिहासानेच काढून ठेवला आहे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली मुक्त प्रणालीची घोषणा केली. कोणीही वापरावी, आत पाहावे, सुधारावी, दुसऱ्यास द्यावी. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने तिचा गाभा रचला, तोच लिनक्स. शेजारणीला विरजण दिले म्हणून आपले दही कमी होते का? तसेच हे आहे. जर्मनीतील यॉर्ग शिलिंग ह्यांनी १९९६ मध्ये ‘सीडीरेकॉर्ड’ हा तबकडी जाळणारा कार्यक्रम असाच लोकांना दिला. उबुंटू ही लिनक्सची एक प्रणाली तर २०११ पर्यंत मागेल त्याला टपालाने फुकट तबकडी पाठवीत असे. आपल्या देशात सी-डॅक संस्थेने २००७ साली ‘बॉस’ नावाची प्रणाली काढली. ती मराठीतही चालते.

पूर्वी ह्या प्रणालीवर यंत्र जुळविणे कटकटीचे होते. तबकडीचा खण रुंद पट्टीसारख्या तारेने जोडावा लागे आणि मागच्या इवल्या खुंटीने तो ‘मालक’ की ‘चाकर’ हे ठरवावे लागे. वर लिनक्सला, हा खण दुसऱ्याच जातीचा आहे, असे भासवावे लागे. तेव्हा कोठे तो लिहू लागे. डिसेंबर २००३ मध्ये नवा गाभा आला, तेव्हा ह्या सोंगाची गरज संपली. आज एक तार विजेची, एक तार माहितीची जोडली की यंत्र खण ओळखते. नव्या संगणकांना खणच नसतो. त्यांना बाहेरून जोडण्याचा मिळतो.

आपले काम असे चालते. कॅसेटच्या यंत्रातून तार काढून संगणकाच्या आवाज घेणाऱ्या भोकात घालावयाची. ‘ऑडॅसिटी’ ह्या मुक्त कार्यक्रमात गाणे भरावयाचे, नको ती घरघर कमी करावयाची. फार कमी करू नये, नाहीतर गाणारीचा श्वासही जातो. गाणी वेगळी करून ‘के-थ्री-बी’ कार्यक्रमात ओळीने मांडावयाची आणि ‘ऑडिओ सीडी’ हाच प्रकार निवडावयाचा, म्हणजे घरच्या साध्या यंत्रावरही ती वाजते. वेग कमी ठेवावा. जात्यात घास घालणारा हात थांबला की दगडावर दगड घासतो. तसेच संगणकाकडून माहिती यावयाची थांबली की पूर्वी तबकडी वाया जाई. २००० च्या सुमारास ह्यावर उपाय निघाला, आता खण थांबून पुन्हा जोडून घेतो. पण वीज गेली तर तोही काय करील? आपल्या पहिल्या तबकडीचे तेच झाले.

दुसरी मात्र नीट उतरली. ती वाजली तेव्हा एका भगिनीने आपल्या वारलेल्या सासूबाईंचा आवाज पंधरा वर्षांनी ऐकला. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, “पुन्हा लावा.” कंपनीने ज्या आवाजाला कधी तबकडी दिली नसती, त्याची तबकडी कारध्याच्या बायकांनी आपल्या हाताने केली, असे मला त्या क्षणी वाटले.

आता एक सावधगिरीची सूचना. जाळलेली तबकडी अमर नाही. ऊन, ओल आणि ओरखडे ह्यांनी ती जाते. तिच्यावर कागद चिकटवू नये, कडेखेरीज इतरत्र हात लावू नये. प्रत्येक गाण्याच्या निदान तीन प्रती ठेवाव्यात: एक तबकडीवर, एक संगणकात आणि एक नदीकाठापासून दूर कोणा नातलगाच्या घरी. वैनगंगा आपली माय आहे खरी, पण पूर कोणाची ओळख ठेवीत नाही.

अजून कित्येक घरांत पेटीच्या तळाशी कॅसेटी पडल्या असतील. त्या मंडळात आणून द्याव्यात, आणि ज्यांना गाणी पाठ आहेत अशा आजीबाईंना एका दुपारी घेऊन यावे. गाणाऱ्या आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.